जन्मतः बधिर बालकाची माता : साहाय्याचा भाषिक विचार

जन्मतः व्यंग असलेल्या बालकाच्या मातेस कोणते साहाय्य हवे, या प्रश्नाचे उत्तर देताना वैद्यकीय उपचार व द्रव्यसाहाय्य यांचा उल्लेख सामान्यतः प्रथम होतो. व्यंग बधिरत्वाचे असेल तर तिसरी एक गरज उद्भवते, व ती कालदृष्ट्या अधिक निकडीची असते. ही गरज म्हणजे अपत्याशी बोलता येईल अशी भाषा होय. बधिर बालकांपैकी बहुसंख्य बालके ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे मातेची स्वतःची भाषा त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

बधिर अर्भक पहिले काही महिने इतरांप्रमाणेच रडते, हसते, हुंकार देते. सातव्या महिन्याच्या सुमारास ऐकणारे मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरे घोळवू लागते. बधिर मुलाच्या ठायी ही अवस्था लांबते. शंका पुष्कळदा प्रथम मातेलाच येते; पण 'बोलीन हळूहळू' अशी तिची समजूत घातली जाते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाययोजना, हा आज सर्वमान्य झालेला क्रम अशा समजुतीने मोडतो.

वर उद्धृत केलेले वाक्य वऱ्हाडी आहे. 'तो बोलीन' हे रूप प्रमाण मराठीच्या वक्त्यास प्रथमपुरुषी वाटते. वऱ्हाडीत ते तृतीयपुरुषी भविष्यकाळाचे आहे. 1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात घरची बोली प्रायः हीच, तर मानोरा व इतर तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा भाषा नांदते. मातेस मिळणारा सल्ला मात्र प्रमाण मराठीत, इंग्रजी संज्ञांसह येतो. मुलाशी कसे बोलावे हे शिकवणारा सल्ला मातेच्या बोलीत नसेल, तर त्याचा अर्धा उपयोग वाटेतच सरतो.

दुसरा भार दोषारोपाचा. ग्रहण पाळले नाही म्हणून मूल असे जन्मले, हा ठपका मातेवरच येतो. वस्तुतः आनुवंशिक बधिरत्वाचे बरेचसे प्रकार अप्रभावी जनुकाचे असतात. त्यांत आई व बाप या दोघांकडूनही तो यावा लागतो. मामेबहिणीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत हा संभव वाढतो. गरोदरपणी झालेला रुबेला हेही एक कारण असून तो लसीने टाळता येतो.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नवजात बालकांची तपासणी व अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी योजिली आहे. श्रवणयंत्र व कॉक्लिअर रोपण यांसाठीही शासकीय साहाय्य आहे. पण यंत्र बसविल्याने भाषा येत नाही. ती प्रतिदिनी घरात घडवावी लागते. खुणांनी बोलल्यास मूल बोलायचे राहील, ही भीती निराधार आहे. लवकर मिळालेली खुणांची भाषा बुद्धीच्या वाढीस आधारच देते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी 2015 साली दिल्लीस स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील शब्दकोश चित्रफितींच्या रूपाने सर्वांस उपलब्ध आहे.

तथापि शहरातील प्रशिक्षणास जाणे म्हणजे शेतमजूर स्त्रीस त्या दिवसाच्या मजुरीस मुकणे होय. म्हणून हे शिक्षण अंगणवाडीपर्यंत यावे, ते तिच्या बोलीत असावे, आणि बाप, आजी, भावंडे यांनीही खुणा शिकाव्यात. घरात एकटी आईच मुलाची दुभाषी राहिली, तर मुलाची भाषा तिच्या हातांपलीकडे जात नाही व तिलाही क्षणाची उसंत लाभत नाही.