पहिल्या डोसला ताप आला म्हणून दुसरा टाळू नका

दीड महिन्याच्या बाळाला मांडीत पेंटाचं इंजेक्शन देतात. संध्याकाळी अंग गरम होतं, मांडीवर गाठ येते, बाळ रात्रभर किरकिर करतं. पुढच्या महिन्यात आशाताई बोलवायला आल्या की घरातून उत्तर येतं, "मागच्या वेळी लई त्रास झाला, आता नको." बऱ्याचदा हा निर्णय आईचा नसतोच, सासूबाई किंवा घरातली मोठी माणसं ठरवतात. आईला तारीख माहीत असते, कार्डही जपलेलं असतं. पण ती सुई नेमकी कशासाठी, हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पेंटाच्या एका सुईत पाच लसी असतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून ती वाचवते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असे तीन डोस असतात. पहिल्या डोसने शरीराला या जंतूंची जेमतेम ओळख होते, पुरेशी ताकद तिन्ही डोस झाल्यावर येते. डांग्या खोकला तर तान्ह्या बाळाच्याच जिवावर जास्त उठतो. त्यामुळे 'जरा मोठं होऊ दे, मग बघू' हे चालत नाही.

ताप येणं म्हणजे लस बाधली असं नाही. शरीर लसीला उत्तर देत असतं. (ताप आला नाही तरी लस लागू होतेच, ती काळजीही नको.) एक-दोन दिवसांत ताप उतरतो. बाळाला अंगावर पाजत राहा, कपडे सैल ठेवा. पॅरासिटामॉल नर्सताईंनी सांगितलं तेवढंच द्या. गाठ चोळू नका, त्यावर हळद, बाम काही लावू नका. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. मात्र झटका आला, बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा दोन दिवसांनंतरही ताप हटला नाही, तर सरळ दवाखाना गाठा.

साधी सर्दी किंवा थोडे जुलाब असले तरी लस देता येते. बाळाला काय होतंय ते नर्सताईंना सांगा, त्या ठरवतील.

आणखी एक गैरसमज म्हणजे 'पोलिओ रविवारी थेंब पाजले, झालं लसीकरण'. ते थेंब फक्त पोलिओसाठी असतात. गोवर-रुबेलाची लस वेगळी आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. 2022 साली मुंबईत गोवंडी भागात, तसंच मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं बरीच होती.

डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी लसीचं कार्ड सोबत घ्यावं. तिथल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुढचा डोस फुकट मिळतो. कार्ड हरवलं तरी लाजू नका. उपकेंद्राच्या रजिस्टरात बाळाची नोंद असते, तिथं जाऊन विचारा.