पिन निसटली तर…

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती–इंदापूरच्या रस्त्यांवर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कोणत्याही कारखान्याच्या वाटेवर उसाची रांग लागलेली असते. जवळ जाऊन पाहिले तर हा सगळा डोलारा हुकातल्या एका लोखंडी पिनेवर तोललेला दिसतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. थांबवायचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी करायचे. पिन निसटली तर मागच्या ट्रॉलीला कोण थांबवणार?

बैलगाडीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर दगड हेच होते. चढावर गाडी थांबली की गाडीवान उडी मारून चाकामागे दगडाची उटी लावायचा. ट्रॅक्टर आला, ओझे कितीतरी पटींनी वाढले, पण उटी काही सुटली नाही. आजही ट्रॉली सोडून उभी करायची म्हटले की आधी दगड शोधला जातो.

सुटलेला डबा आपोआप थांबला पाहिजे, हा धडा रेल्वेने फार मोठी किंमत देऊन घेतला. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेचा ब्रेक काढला. त्यात इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. म्हणजे नळी तुटली की ब्रेकही गेला. 1872 मध्ये त्याने ही रचना उलटी केली. आता नळीतला दाब ब्रेक सोडून धरू लागला आणि प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी मिळाली. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. या विषयातली खरी अक्कल एवढ्या एका उलटापालटीत आहे.

तरीही ती सगळ्यांनी लगेच स्वीकारली नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीची गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी ती मधून सोडवली. तिचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता, म्हणून मागच्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. दगड चिरडले, डबे उतारावरून मागे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. 80 माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटनने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. उटीवर विसंबण्याचा याहून करुण दाखला नाही.

बारामती एमआयडीसीत माल घेऊन येणाऱ्या मोठ्या ट्रेलरच्या केबिनमागे आज वेटोळ्या नळ्या दिसतात. त्यांतली पिवळी नेहमीच्या ब्रेकची, लाल आणीबाणीची. रेल्वेसारखेच इथेही लाल नळी तुटली की ट्रेलरच्या टाकीतली हवाच त्याची चाके आवळते.

परदेशात हलक्या ट्रेलरांना विजेचे ब्रेक असतात. ड्रममधल्या चुंबकाला वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो आणि लिव्हर ओढून शू दाबतो. नेहमी ही वीज पुढच्या वाहनातून सात पिनांच्या सॉकेटमधून येते. ट्रेलर सुटला तर सॉकेटही सुटणार, म्हणून ट्रेलरवरच 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणि एक स्विच बसवतात. स्विचच्या पिनेला बांधलेली तार पुढच्या वाहनाच्या चासीला अडकवायची असते, हुकाला नव्हे. हुकच तुटला तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागची हलणार नाही. ताण बसून पिन निघाली की बॅटरी थेट चुंबकांना जोडली जाते. असे लागलेले ब्रेक किमान 15 मिनिटे टिकले पाहिजेत, असा अमेरिकेचा नियम आहे. बॅटरी उतरलेली असेल किंवा अर्थिंगची तार गंजली असेल, तर ही सगळी जोडणी नुसती शोभेची.

उसाच्या ट्रॉलीवर हे सारे बसवणे खर्चाचे आहे, हे खरे. पण पिनेला लॉक आणि हुकाशेजारी जाड साखळी यांना फार पैसे लागत नाहीत. ट्रॉलीमालकांनी आणि मुकादमांनी पहिली खेप भरण्याआधी ट्रॉलीखाली वाकून एवढे तरी पाहावे. आणि कारखान्यांनी वाहतुकीचा करार करतानाच ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे विचारावे.