गमबुटात शिरलेले काँक्रीट

स्लॅबच्या दिवशी इमारतीपाशी मिक्सर गाड्यांची रांग लागते. ड्रम सतत फिरत असतो; आतली मळसूत्री पाती सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकजीव ठेवतात. ड्रम उलटा फिरवला की तीच पाती माल बाहेर ढकलतात. काँक्रीट वाळून कडक होते, हा समज चुकीचा आहे. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. म्हणूनच गाडीला एवढी घाई.

या क्रियेत चुनाही तयार होतो. ओल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३, म्हणजे तीव्र अल्कली. गमबुटात (आपल्याकडे बहुधा नुसत्या चपलाच) माल शिरला तरी मजूर काम थांबवत नाही, कारण सुरुवातीला दुखतच नाही. काही तासांनी घोटे झोंबू लागतात, तोवर अल्कली त्वचेत खोल उतरलेली असते. अशा जखमेला कधी त्वचारोपणही लागते.

माल अंगाला लागताच बूट-मोजे काढून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवावे. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. डोळ्यात उडाल्यास आधी तिथेच भरपूर पाण्याने धुवावे, मग लगेच रुग्णालय गाठावे.