पहिलीतील मुलाचा थयथयाट

जून महिन्यात शाळा उघडल्या की पहिलीच्या वर्गात एखादे तरी मूल असे निघते, की ज्याच्यापायी साऱ्या वर्गाचे काम खोळंबते. आई फाटकाबाहेर गेली किंवा शेजाऱ्याने पेन्सिल घेतली, एवढे निमित्त त्याला पुरते. ते जमिनीवर अंग टाकते, हातपाय झाडते, जवळ जाणाऱ्यास चावावयास धावते. हे मूल सर्वांदेखत आपला अवमान करीत आहे, असे शिक्षकास वाटते आणि त्याचा हात उठतो.

परंतु त्या क्षणी मूल कोणाचाही अवमान करण्याच्या स्थितीत नसते. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत विकसित होत राहतो. पाचसहा वर्षांच्या मुलात तो फारच अपुरा असतो. त्यातून मनातले सांगावयास शब्द नसले, तर अंगच बोलू लागते. घरी वारली, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाची पुस्तकी मराठीच्या शाळेत ही अडचण दुणावते.

म्हणून आवेग चढलेला असताना उपदेश, प्रश्न व धमकी ही तिन्ही व्यर्थ होत. दगड, पाट्या दूर साराव्या, इतर मुलांना गाण्यात किंवा चित्रात गुंतवावे, कोणी हसणार नाही हे पाहावे, आणि आपण हातभर अंतरावर खाली बसून गप्प राहावे. राग लवकर ओसरतो, मागे रडू उरते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. संशोधनातही तेच आढळले आहे. रडण्याचा जोर उतरला म्हणजे बहुधा मूल आपण होऊन जवळ सरकते. तेव्हा पाणी द्यावे, पाठीवर हात ठेवावा. मात्र ज्या वस्तूसाठी थयथयाट झाला, ती त्याची किंमत म्हणून देऊ नये. नाही तर दुसऱ्या दिवशी तोच उपाय मूल जाणूनबुजून योजील. मागणी रास्त होती असे वाटल्यास ती आधीच पुरवावयास हवी होती, ही चूक आपली समजावी.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी पालकांकडून मुलांच्या रागाच्या दैनंदिन नोंदी करविल्या व १९३१ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. असे प्रसंग वयाच्या दुसऱ्या वर्षी सर्वांत अधिक असतात व पुढे कमी होतात, तसेच जेवणवेळेच्या आधी ते वाढतात, असे त्यांत दिसून आले. नुसता कोरा चहा पिऊन आलेल्या मुलाचा राग मधल्या सुट्टीच्या आधीच का चढतो, हे यावरून उमगावे. शिक्षकाने पंधरा दिवस वेळ व त्याआधी काय घडले, एवढेच टिपून ठेवावे. वह्यांचे ओझे आधीच पुष्कळ आहे हे खरे. पण ही वही कोणी तपासावयाची नाही.

थयथयाट रोजचाच झाला, मूल स्वतःस इजा करू लागले किंवा हाक मारल्यावर वळून पाहीना, तर पालकांशी बोलून त्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे. ऐकू कमी येणारे मूल हट्टी ठरविले जाण्याचा संभव असतो.

शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. त्यापूर्वीच्या काळात मी एका मुलीस थप्पड मारली होती, ती हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे. पाट्या घरी फुटतात म्हणून शाळा सुटताना त्या गोळा करून पेटीत ठेवण्याची आमची पद्धत होती, आणि ही मुलगी नेमकी त्याच वेळी लोळण घेई. थप्पड बसताच ती गप्प झाली. उपाय लागू पडला, असे मला वाटले. पुढे तीन दिवस ती शाळेत आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीस गेले होते. घरी आजी होती. ती म्हणाली, “गुरुजी, पाटी तिच्या आईनं जाताना दिली. रातच्याला उशाशी पाटी नसली की पोर जागीच ऱ्हाती.”

त्या दिवसापासून तिची पाटी पेटीत गेली नाही, लोळण घेणेही थांबले. माझ्याजवळ मात्र ती वर्ष संपेपर्यंत आली नाही.