मागचा शॉकअप बघून भुलू नका!

सायकलच्या दुकानात शिरल्यावर तुमची नजर आधी कुठे जाते? फ्रेमच्या मधोमध बसवलेल्या त्या लालभडक स्प्रिंगवर, बरोबर ना? अकरावीत माझीही तिथेच गेली होती. साठवलेले सगळे पैसे ओतून मी ‘डबल शॉकर’ घरी आणली. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढावर पहिल्याच दिवशी कळलं, की प्रत्येक पेडलला ती नुसती झुलतेय, पुढे काही जात नाहीये. सहा महिन्यांत मागचं चाक डुगडुगायला लागलं. दुकानदार म्हणाला, ‘याचे पार्ट मिळत नाहीत.’ विषय संपला!

गेल्या महिन्यात एका सीनिअरने त्याची खरीखुरी फुल सस्पेन्शन माउंटन बाइक दोन रविवार चालवायला दिली. तीच टेकडी, तोच मुरूम. तेव्हा लक्षात आलं, की माझी चूक शॉकअप घेण्यात नव्हती, तो न पारखता घेण्यात होती. तुम्ही अशी सायकल, विशेषतः सेकंड हँड, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे काढण्याआधी एवढं कराच.

आधी नुसते बसा

चांगल्या शॉकमध्ये हवा किंवा स्प्रिंग असतेच, पण सोबत तेलाचा डॅम्परही असतो. दबलेला शॉक परत येताना तो वेग आवरतो. स्वस्त सायकलींमध्ये बहुतेकदा नुसती स्प्रिंग असते, म्हणून ती खड्ड्यानंतर तुम्हाला वर फेकते.

शॉकच्या दांड्यावर रबरी रिंग असते. ती सीलपर्यंत सरकवा, हलकेच सीटवर बसा, न उड्या मारता उतरा. रिंग जेवढी सरकली तो ‘सॅग’. तो स्ट्रोकच्या साधारण 25 ते 30 टक्के हवा. म्हणजे स्ट्रोक 50 मिलिमीटर असेल, तर 13 ते 15 मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर शॉक पंपाने हवेचं प्रेशर बदला. हे न करता चालवलीत, तर तुम्ही फ्रेम नाही, आधीच्या मालकाचं वजन तपासताय!

चढावर पितळ उघडं पडतं

लॉकआउट बंद ठेवा. हलक्या गिअरवर, बसूनच एक चढ चढा आणि शॉककडे बघा. थोडा हलला तर चालेल. प्रत्येक पेडलला बुडत असेल तर तुमची ताकद तिथेच मुरतेय. चांगल्या फ्रेममध्ये पिव्हट अशा जागी असतात, की चेनचा ताणच शॉकला दबू देत नाही. याला ‘अँटी-स्क्वॉट’ म्हणतात. पण हेही अति नको. मग दगडांवरून जाताना पेडल पायाला मागे झटके देतं.

उतारावर ब्रेक दाबा

सुट्या दगडांच्या उतारावर मागचा ब्रेक दाबून बघा. काही फ्रेमचं सस्पेन्शन तेव्हा आखडतं आणि चाक दगडांवर नाचायला लागतं. यावर होर्स्ट लाइटनर या मोटारसायकल रेसरने एक उपाय काढला. त्याने चेनस्टेवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, एक जादा पिव्हट दिला. हीच ती प्रसिद्ध ‘होर्स्ट लिंक’. तिचं पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने विकत घेतलं. आता ते संपलंय, त्यामुळे अनेक ब्रँड ही रचना वापरतात.

हात लावून तपासा

- सीट धरून सायकल किंचित उचला. ‘टक्’ जाणवलं तर शॉकचे बुश किंवा पिव्हटची बेअरिंग गेलेली असू शकतात.
- मागचं चाक धरून आडवं हलवा. फ्रेम धरून ठेवली तरी खेळ जाणवला, तर चाकाचं हब की पिव्हट, हे मेकॅनिककडून बघून घ्या.
- वेल्डिंगजवळ आणि पिव्हटच्या आसपास पुसून बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली, तर सौदा सोडा. भाव कितीही पाडून मिळाला तरी.
- शॉकवर तेल ओघळलंय? दांड्यावर ओरखडे आहेत? सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.
- या मॉडेलची बेअरिंग आणि डिरेलर हँगर मिळतात का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

मग घ्यायची का?

खरं सांगू? कॉलेज, क्लास आणि रविवारी टेकडी एवढंच असेल, तर त्याच पैशांत चांगली हार्डटेल घ्या. फक्त पुढे शॉक, वजन कमी, देखभाल सोपी. दर आठवड्याला खडबडीत उतारांवर उतरणार असाल आणि सर्व्हिसिंगलाही पैसे काढू शकत असाल, तर मात्र फुल सस्पेन्शनची मजा वेगळीच.

मी सध्या हार्डटेल चालवतेय आणि पैसे साठवतेय. या वेळी दुकानात गेले की आधी स्प्रिंगचा रंग नाही, ती रबरी रिंग शोधणार आहे.