भिंतीवरचं उपाशी रान

सिंगापूरमध्ये बुकित पंजांगला स्टेशनजवळच्या मॉलमध्ये जेवायला बसलं, की पाठीमागच्या भिंतीवर नेचे आणि मनीप्लांट लोंबताना दिसतात. बोट लावून बघावं तर प्लॅस्टिक! वर बोटाला चिकट धूळ. बुकित तिमाहचं खरंखुरं जंगल जवळच असताना हे सोंग कशाला?

झाडाचं जेवण म्हणजे उजेड. लक्स हे त्याचं माप. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात, हॉटेलच्या मंद दिव्यांखाली अनेकदा शंभर-दोनशेच. आपले डोळे सरावतात, म्हणून आपल्याला एवढी तफावत कळतच नाही. झाडाला कळते. श्वसनाचा खर्च रोजचा, कमाई जवळपास शून्य. साठवलेली पुंजी संपली की पानं पिवळी पडून गळायला लागतात.

प्लॅस्टिकला भूक नाही, पण अंघोळ हवी. तळणीची तेलकट वाफ पानांवर बसते, तिला धूळ धरते.

लांबून खोटं ओळखायचंय? पानामागे दिवा आहे का बघा. खऱ्या पानातून पोपटी उजेड झिरपतो, शिरांचं जाळं उमटतं. जाड प्लॅस्टिक नुसतं काळपट दिसतं. आमच्या दारावरचं तोरणही या परीक्षेत सपशेल नापास झालं.