टोमॅटोचे उत्पन्न आणि नागपूरचा उन्हाळा

धंतोलीला लागून असलेल्या कॉटन मार्केटमध्ये उन्हाळ्यात येणारा बराचसा टोमॅटो नागपूरबाहेरचा असतो. कारण हवामानात आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रही तापलेली राहिली की परागकण निकामी होतात, फुले गळतात. नागपूरचा मे तर ४५ अंशांना भिडतो. म्हणून विदर्भात सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड सर्वांत भरवशाची.

काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात मुळे गुदमरतात आणि मर रोग शिरतो. गादीवाफा, ठिबक आणि मल्चिंग पेपर या तिन्हींवरचा खर्च सहसा वसूल होतो. पाणी कधी तुडुंब, कधी कोरडे झाले, तर झाडाला कॅल्शियम मिळत नाही; फळाच्या टोकाशी काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग पडतो. अनेकजण त्याला रोग समजून बुरशीनाशक फवारतात, पैसा वाया जातो. बांबू-तारेवर बांधणी केली की फळ मातीला टेकत नाही, सडत नाही.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना तोंड देते.

नफा मात्र भावावर ठरतो. जुलै २०२३ मध्ये किलोला १०० रुपयांपुढे गेलेला टोमॅटो सप्टेंबरपर्यंत नाशिकच्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. म्हणून सगळे शेत एकाच दिवशी लावू नये. १५-२० दिवसांच्या अंतराने टप्पे पाडावेत.